टॉम मेसनची कोठडी आणि माझे ते पत्र

चि. छकुलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे उत्तर मिळाले. तू घरी परत ये, असे लिहिलेल्या माझ्या चार पानी पत्राला तू सहा ओळी पाठवल्यास आणि त्यांतली शेवटची ओळ अशी होती की, बाबा, फॉलिंग स्काईजचा चौथा सीझन पुन्हा एकदा बघा आणि मग मला लिहा. खरे सांगतो, ती ओळ वाचून मला आधी राग आला. एका अहवालावर सही नाकारल्याने मुलीच्या नोकरीचा प्रश्न समोर उभा असताना बाप कळकळीने लिहितो आणि मुलगी त्याला परग्रहवासीयांची मालिका बघायला सांगते, ही मला चक्क थट्टा वाटली. परंतु मांडीच्या हाडात सळई बसवलेल्या माणसाजवळ वेळेला तोटा नसतो. राग दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी तुझ्या दादाने लॅपटॉप माझ्या पोटावर ठेवून दिला आणि मी बघायला बसलो, म्हणजे पडलो.

अक्षराकडे दुर्लक्ष कर. पाठीवर पडून, लिहायची पाटी तोंडासमोर उभी धरून लिहावे लागते आणि तशा अवस्थेत बॉलपेन चार शब्दांनंतर कोरडे पडते, कारण शाई टोकाकडे उतरतच नाही. म्हणून हे पत्र शिसपेन्सिलीने लिहीत आहे. या पेन्सिलीवरून मला एक माणूस आठवला आहे आणि त्याच्याकडे मी पुढे येणारच आहे. पण आधी टॉम मेसन.

टीएनटी वाहिनीवर 2011 च्या जूनमध्ये सुरू होऊन 2015 च्या ऑगस्टमध्ये संपलेली, पाच सीझन आणि 52 भागांची ही मालिका आपण घरी एकत्र पाहायला सुरुवात केली, तेव्हा तू आणि दादा शाळेत होता. तिची तुला सांगण्यासारखी अशी नवी ओळख मी काय करून देणार? बॉस्टन विद्यापीठातला इतिहासाचा प्राध्यापक टॉम मेसन, पत्नी हल्ल्यात मारली गेलेली, तीन मुलगे, आणि माणसांचा बहुतांश भाग संपल्यावर उरलेल्या काही शे लोकांची तुकडी, जिला त्यांनी अमेरिकन क्रांतियुद्धाच्या आठवणीने ‘सेकंड मॅसेच्युसेट्स’ असे नाव दिलेले. चौथ्या सीझनच्या सुरुवातीलाच तू मालिका सोडून दिली होतीस, कारण तुकडीतली डॉक्टर ॲन आणि टॉम यांची मुलगी लेक्सी पाळण्यातून उठून काही महिन्यांत तरुणी होते, हे तुला अजिबात पटले नव्हते. आणि त्या बाबतीत मी आजही तुझ्याच बाजूचा आहे. त्यामुळे तो सीझन तू नंतर कधी तरी एकटीने पुरा पाहिलास, हेसुद्धा मला तुझ्या त्या एका ओळीवरूनच कळले.

मी मात्र चौथ्या सीझनवर थेट गेलो नाही. पहिल्या भागापासून सुरुवात केली आणि बरे केले. कारण इतकी वर्षे मी ही गोष्ट चुकीची लक्षात ठेवली होती. माझ्या आठवणीत ती एका बापाची गोष्ट होती, जो आपल्या मुलांना शत्रूच्या हातून पुन्हा पुन्हा सोडवून आणतो. सुरुवातीला ती तशी आहेही. मधला मुलगा बेन पकडला गेलेला असतो, त्याच्या पाठीवर तो जिवंत पट्टा, म्हणजे हार्नेस, बसवलेला असतो आणि इतर मुलांबरोबर तो मान खाली घालून भंगार धातू गोळा करत असतो. टॉम त्याला सोडवून आणतो, पट्टा निघतो, पण पाठीच्या कण्यातले खिळे मात्र कायमचे राहतात. पहिल्या सीझनमधला हा भाग मला स्पष्ट आठवत होता. पुढे बाप स्वतःच तीन वेगवेगळ्या प्रकारांनी कैदी होतो आणि प्रत्येक वेळी लढण्याचे काम मुलांकडे जाते, हे मात्र मी सोयीस्करपणे विसरलो होतो. बाप असलेल्या माणसाच्या लक्षात कोणता भाग राहतो, याचा हा नमुनाच समज.

पहिली कैद तो स्वतः पत्करतो. पहिल्या सीझनच्या अखेरीस, पट्टा बसवलेली कॅरेन, म्हणजे थोरल्या हॅलची मैत्रीण, मध्यस्थ होऊन परग्रहवासीयांच्या म्होरक्याचा, ओव्हरलॉर्डचा, निरोप सांगते की, तू आमच्याबरोबर यानात चल, नाही तर आम्ही बेनला पुन्हा घेऊन जाऊ. आणि टॉम यानात चढतो. दुसरा सीझन तीन महिन्यांनी सुरू होतो. त्या तीन महिन्यांत हॅल आणि बेन या दोघा भावांनी लढाई चालू ठेवलेली असते, आणि टॉम जेव्हा परत येतो तेव्हा रात्रीच्या धुमश्चक्रीत त्याला जी गोळी लागते ती बेनच्याच बंदुकीची असते. तो प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला. बेनचा काहीच दोष नसतो, तो शत्रूवरच गोळी झाडत असतो. बाप मधे आला, एवढेच. बाप मधे आला, हे शब्द लिहिताना मी पेन्सिल जरा थांबवली होती, हे तुला सांगून ठेवतो.

यानात टॉमला काय सांगितले जाते, ते तुला आठवत असेल. ओव्हरलॉर्डला त्याला मारायचे नसते. त्याला सौदा हवा असतो: तुमच्या लोकांना प्रतिकार सोडायला सांग, उरलेल्यांना आम्ही एका राखलेल्या जागेत सुखाने राहू देऊ. टॉम नकार देतो. मग त्याच्याबरोबरच्या कैद्यांना मोकळ्या मैदानात सोडून यंत्रमानवाकडून ठार केले जाते आणि एकट्या त्याला जिवंत ठेवले जाते, ते जे पाहिले ते आपल्या माणसांना जाऊन सांगण्यासाठी. म्हणजे बापाच्या शरीराची त्यांना किंमत नव्हती, किंमत होती त्याच्या जिभेची. मुलांनी ऐकावे असा आवाज त्याच्याजवळ आहे आणि तो आवाज आपल्या बाजूने वळवता आला तर बंदुकीची गरज उरणार नाही, हा त्यांचा हिशेब. एकदा हे ध्यानात आल्यावर मला पुढच्या सगळ्या कैदा एकाच नजरेने दिसू लागल्या.

परत आल्यावर टॉमला संशय येतो की त्यांनी आपल्या शरीरात काही तरी सोडले आहे, आणि तो स्वतःच सांगतो की मला बेड्या घालून ठेवा. पुढे त्याच्या डोळ्यातून तो कृमी निघतो, तेव्हा तुझ्या आईने खोली सोडली होती, यंदाही सोडली. परंतु या किळसवाण्या प्रसंगातला विचार फार सभ्य आहे. आपल्या तोंडून बोलणारा कोण आहे याची खात्री नसेल, तर आपल्याच माणसांपासून आपल्याला दूर ठेवायला सांगण्याइतके भान त्या बापाला आहे.

त्याच सीझनमध्ये बेन तुकडी सोडून जातो. पाठीतले खिळे त्याला स्किटरांशी, म्हणजे ओव्हरलॉर्डच्या शिपायांशी, जोडतात, आणि त्यांच्यातल्या बंडखोरांबरोबर राहून आपण अधिक काही करू शकू, असे त्याला वाटते. हे स्किटर म्हणजे मूळचे राक्षस नव्हेत, त्यांच्या पाठीवरही कधी काळी हेच पट्टे बसवले गेले होते, कोणत्या तरी दुसऱ्या जगातली तीही पकडून नेलेली माणसेच होती, हे ॲनने एका मेलेल्या स्किटरची चिरफाड केली तेव्हाच आपल्याला कळलेले असते. टॉमला मुलाला धरून ठेवता आले असते. तो चिडतो, व्याकूळ होतो आणि जाऊ देतो. बेन परत येतो तो बंडखोरांची हातमिळवणी घेऊन, म्हणजे बापाने कधीच आणली नसती ती गोष्ट घेऊन.

तिसऱ्या सीझनमधली कैद सर्वांत धूर्त आहे. कॅरेनच्या हाती सापडलेला टॉम जागा होतो तो युद्धापूर्वीच्या आपल्या घरात. पत्नी जिवंत आहे, मुले घरात आहेत, सकाळची धांदल चालली आहे, आणि या गोड घरगुती स्वप्नात त्याच्याकडून फक्त एवढेच काढून घ्यायचे आहे की माणसांचा पुढचा हल्ला नेमका कुठे होणार. मारहाण नाही, उपासमार नाही, नुसते घर. मी इथे चित्र थांबवले आणि बराच वेळ छताकडे पाहत राहिलो. माझ्या त्या पत्रात तुला परत बोलावताना मी काय काय लिहिले होते, ते मला ओळीने आठवले: तुझी खोली, आईची प्रकृती, संध्याकाळी खिडकीत बसून चालणाऱ्या आपल्या गप्पा. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. टॉमच्या स्वप्नातले घरही तसे खोटे नव्हतेच.

आता चौथा सीझन. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहराच्या उंबरठ्यावर, आता पोचलो असे वाटत असतानाच, आकाशातून खांब कोसळतात, त्यांच्यामधून प्रकाशाच्या भिंती उभ्या राहतात आणि मेसन कुटुंबाची एका क्षणात फाटाफूट होते. चार महिन्यांनंतर टॉम, हॅल आणि तुकडीचा प्रमुख कॅप्टन वीव्हर एस्फेनींच्या, म्हणजे ओव्हरलॉर्डच्या जमातीच्या, बंदिस्त वस्तीत आहेत, ॲन बाहेर एका तुकडीला घेऊन झुंजते आहे, बेन लेक्सीजवळ तिसरीकडेच आहे, आणि सर्वांत धाकटा मॅट मुलांच्या छावणीत. टॉमला तर त्या वस्तीतही एकांत कोठडी. त्या कोठडीतून तो चोरवाटेने बाहेर पडतो, तोंड झाकून मोटारसायकलवर स्किटरांना हुलकावण्या देत फिरतो, लोक त्याला ‘भूत’ म्हणतात, आणि तो परत येऊन कोठडीत बसतो. हे सर्व पाहायला मोठे रंजक आहे आणि टॉमची भूमिका करणारा नोआ वायली ते झकास करतो. पण मला वाटते तू मला हे पाहायला सांगितले नव्हतेस. तू मला मॅट पाहायला सांगितले होतेस.

मालिका सुरू झाली तेव्हा हा मुलगा आठ वर्षांचा होता आणि त्याच्या वाढदिवशी सगळ्या छावणीने युद्ध बाजूला ठेवून त्याला चाकांच्या फळीवर खेळताना पाहिले होते. आता तो गणवेशात, रांगेत उभा आहे. त्याला शिकवले जात आहे की एस्फेनी हे शत्रू नाहीत, मित्र आहेत. जुन्या जगातल्या मोठ्या माणसांनीच सगळा नाश केला. तुमच्या आईवडिलांनाही हे पटवून द्या आणि पटले नाही तर त्यांची खबर आम्हाला द्या. पुन्हा तोच हिशेब, फक्त उलट बाजूने: आधी बापाच्या जिभेने मुलांना आणायचे होते, आता मुलांच्या जिभेने बापांना. मॅट वरवर शिस्तीत वागतो आणि आतल्या आत इतर मुलांना शुद्धीवर ठेवतो. हे शिकवायला टॉम तिथे नाही. मॅट कुठे आहे हेही टॉमला ठाऊक नाही. त्या मुलाला कुणी सल्ला दिलेला नाही, कुणी धीर दिलेला नाही, सांभाळून राहा असेही कुणी बजावलेले नाही, आणि तरी तो मुलगा ज्या गोष्टीला नाही म्हणायचे तिला नाही म्हणतो.

तुझा नकार हा असाच, नाही का? न केलेल्या चाचणीच्या अहवालावर सही करायची नाही, एवढीच तर गोष्ट. तुम्ही चौघे. कोणी घोषणा दिल्या नाहीत, कोणी वर्तमानपत्राकडे धावले नाही. समोर आलेला कागद सही न करता परत केलात आणि कारण लेखी दिलेत. ही गोष्ट तू मला फोनवर सांगितलीस तेव्हा मी आधी काय विचारले, ते तुला आठवत असेल. बाकीच्या तिघांचे काय, असे मी विचारले नाही. चाचणी कशाची होती, असेही नाही. तुझे नाव त्या कागदावर पहिले होते का, असे मी विचारले.

आता पेन्सिलवाल्या माणसाकडे येतो. चार्ल्सटनचे नाव ऐकल्यापासून माझ्या डोक्यात काही तरी घोळत होते, आणि दादाने आणून दिलेल्या, क्रांतियुद्धावरच्या जाडजूड पुस्तकात ते सापडले. हेन्री लॉरेन्स हा त्याच शहराचा. मोठा व्यापारी आणि 1777 ते 1778 या काळात काँटिनेंटल काँग्रेसचा, म्हणजे बंड केलेल्या अमेरिकन वसाहतींच्या सभेचा, अध्यक्ष. 1780 च्या सप्टेंबरमध्ये नेदरलँड्सकडून कर्ज मिळवण्यासाठी जहाजाने जात असताना न्यूफाउंडलंडजवळ इंग्रजांनी त्याला पकडले. कागदपत्रांची थैली त्याने समुद्रात फेकली, पण ती लगेच बुडली नाही आणि इंग्रजांनी आकड्याने ओढून वर काढली. ऑक्टोबरमध्ये त्याला राजद्रोहाच्या आरोपाखाली टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकले आणि 1781 चा शेवटचा दिवस उजाडेपर्यंत तो तिथेच होता. दौत आणि लेखणी त्याला मनाई होती. तो शिसपेन्सिलीने लिहीत असे आणि ते कागद चोरून बाहेर जात. खोलीचे भाडे आणि पहारेकऱ्यांचा खर्चही त्यानेच द्यावा, अशी मागणी झाली तेव्हा, आमच्याकडे पक्षी पकडला तर पिंजरा आणि दाणाही पकडणाराच देतो, असा टोमणा त्याने मारला होता. हा टोमणा मला इतका आवडला की मी तो तुझ्या आईला दोनदा ऐकवला; दुसऱ्यांदा तिने माझ्या अंथरुणाकडे आणि स्वतःच्या हातातल्या ताटाकडे पाहिले आणि ती काही बोलली नाही.

त्याचा मुलगा जॉन हा त्या वेळी सव्वीस वर्षांचा, वॉशिंग्टनच्या हाताखालचा अधिकारी. ब्रँडीवाइन आणि जर्मनटाउनच्या लढाया त्याने लढलेल्या. 1781 मध्ये तो फ्रान्सच्या दरबारात मदत मागायला गेला, तेव्हा टॉवरमधल्या बापाला सुचवण्यात आले की, मुलाला दोन ओळी लिहा, त्याला फ्रान्समधून माघार घ्यायला सांगा, तुमची स्थिती त्याने बरीच सुधारेल. मागणी किती साधी, पाहा. खोटे लिही म्हणत नव्हते, शरण ये म्हणत नव्हते; बापाने मुलाला एक प्रेमाचे पत्र लिहावे, बस. लॉरेन्सने नकार दिला. मुलगा सज्ञान आहे, त्याला त्याची इच्छा आहे. माझ्यासाठी तो जीव देईल, पण माझ्या जिवासाठी तो आपली अब्रू देणार नाही, आणि त्यात मला त्याचे कौतुकच आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले.

पुढे यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला वेढा पडला आणि 1781 च्या ऑक्टोबरमध्ये शरणागतीच्या अटी ठरवायला अमेरिकनांच्या बाजूने जे बसले, त्यांत हाच जॉन होता. गंमत अशी की लॉर्ड कॉर्नवॉलिस हा त्या वेळी टॉवर ऑफ लंडनचा कॉन्स्टेबल, म्हणजे मानाने का होईना, प्रमुख अधिकारी होता. ज्याच्या किल्ल्यात बाप कैदेत, त्याच्याच शरणागतीची कलमे मुलगा लिहीत होता. आणि नंतर कैद्यांच्या अदलाबदलीत बाप सुटला तो याच कॉर्नवॉलिसच्या बदल्यात. एखाद्या पटकथाकाराने हे लिहिले असते तर तू म्हणाली असतीस, बाबा, जरा अतीच होते आहे.

आता तू म्हणशील की बाबांनी आपल्या सोयीचा कैदी निवडला. तसे नाही, या माणसाची दुसरी बाजूही तुला सांगितली पाहिजे. हेन्री लॉरेन्सची संपत्ती गुलामांच्या व्यापारातून आली होती. हजारो माणसे त्याच्या पेढीच्या हातून विकली गेली होती. गुलामगिरी वाईट आहे, असे तो मुलाला पत्रांतून लिहीत असे आणि गुलाम बाळगीत असे. जॉनला मात्र ते बोलणे खरे वाटले होते. गुलामांना शस्त्रे देऊन सैन्यात घ्यावे आणि मोबदल्यात स्वातंत्र्य द्यावे, असा त्याने आग्रह धरला. 1779 मध्ये काँग्रेसने तीन हजार जणांना असे भरती करण्याची शिफारसही केली आणि साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने ती फेटाळली. बापाने जे शब्दांत ठेवले होते ते मुलगा करायला निघाला, तेव्हा बापाची किती अडचण झाली असेल, याची मला आता चांगली कल्पना येते. लहानपणी तुम्हा दोघांना खोट्या सहीबद्दल मी किती व्याख्याने दिली आहेत! शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दादाने माझी सही केली होती, तेव्हा तर मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो.

आणि जॉन वाचला नाही, हेही लपवत नाही. युद्ध जवळजवळ संपले असताना, 1782 च्या ऑगस्टमध्ये, कंबाही नदीकाठच्या एका किरकोळ चकमकीत तो मारला गेला; सत्तावीस वर्षांचा होता. बापाला ही बातमी नोव्हेंबरमध्ये, तहाच्या वाटाघाटींसाठी पॅरिसला बोलावणे आले त्याच सुमारास कळली आणि त्या महिन्याच्या अखेरीस त्याने तहाच्या प्राथमिक करारावर सही केली. मालिकेत कॅप्टन वीव्हरचे असेच होते. त्याची मुलगी जीन दुसऱ्या सीझनमध्ये त्याला सापडते, आणि तरी आपल्या सोबत्यांबरोबर निघून जाते. चौथ्या सीझनमध्ये ती पुन्हा दिसते तेव्हा एस्फेनींनी तिचे रूपच पालटलेले असते. वीव्हर तिला ओळखतो. तो भाग मी पुन्हा पाहिला नाही आणि पाहणारही नाही. तेव्हा बापाने मुलांना मोकळे सोडले की सगळे नीट होते, असे मी तुला लिहीत नाही. नीट होईलच असे नाही. तुझी नोकरी जाईल, पुढची मिळायला त्रास होईल, ही माझी भीती मला आजही खरीच वाटते.

आता जे सांगायचे ते सांगतो. माझे ते पत्र माझ्या मनातून निघाले नव्हते. म्हणजे शब्द माझे होते, अक्षर माझे होते, कळकळही माझी होती. पण ते लिहिण्याच्या आदल्या दिवशी एक गृहस्थ माझ्या प्रकृतीची चौकशी करायला आले होते. नाव सांगत नाही. त्यांची आणि तुमच्या संस्थेतल्या वरच्या मंडळींची ओळख आहे, एवढे पुरे. अर्धा तास ते माझ्या पायाबद्दल बोलले. स्टुलावर चढून दिवा बदलण्याचे वय राहिले नाही, असेही म्हणाले. निघताना खुर्ची मागे सारत त्यांनी सहज सांगितले की, मुलगी हुशार आहे, भावनेच्या भरात आहे, तुमचे ऐकते, दोन शब्द लिहा तिला. आणि अशा अवस्थेत तुमच्याजवळ कोणी तरी असायलाच हवे, नाही का, असे म्हणून माझ्या प्लास्टरवर हलकेच हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी तुला चार पाने लिहिली आणि मला अगदी प्रामाणिकपणे वाटत होते की ती माझीच आहेत. ओव्हरलॉर्डला कॅरेनच्या तोंडून बोलण्यासाठी निदान पट्टा तरी बसवावा लागला होता.

हे तुला आधीच ओळखू आले असावे, असा मला संशय आहे. चार पानांत एकदाही मी अहवाल खरा आहे की खोटा हे विचारले नव्हते, यावरूनच तुला आले असेल.

ते गृहस्थ काल पुन्हा आले होते. पत्र पाठवलेत का, असे त्यांनी विचारले. पाठवले, असे मी सांगितले. मग तिचे काय म्हणणे आहे, असे विचारले, तेव्हा मी म्हणालो की ती सज्ञान आहे, तिच्याशी तुम्हीच बोला. लॉरेन्सच्या तोडीचे काही सुचले नाही. पिंजरा आणि दाण्याचे वाक्य जिभेवर आले होते, पण ते कुठे बसवावे हे ऐन वेळी कळेना. ते पाच मिनिटांत उठले आणि या वेळी प्लास्टरला हात लावला नाही. तुझी आई दारातच उभी होती. तिने सगळे ऐकले आणि आत जाताना लॅपटॉपची वायर आपणहून जोडून दिली. परवापर्यंत ती त्या यंत्राला ‘तुमचे भूत’ म्हणत होती.

हॅलबद्दल लिहायचे राहूनच गेले. बंदिस्त वस्तीतून बाहेर पडायची वेळ येते, त्यांच्याबरोबर कोंडलेला डिंगान बोथा विजेपासून वाचवणारा तारांचा पोशाख चढवून विजेच्या भिंतीवर चढतो आणि सगळे बाहेर येतात, तेव्हा टॉम मॅटच्या शोधात निघतो आणि बाकीच्या माणसांची जबाबदारी हॅलवर टाकून जातो. त्या निरोपात टॉम फार काही सांगत नाही. पूर्वीचा टॉम असता तर वाट, शिधा, पहारा, सगळे मोजून दिले असते. मला तो प्रसंग दादाबरोबर पाहायला मिळाला. गेले दोन महिने या घराची बिले, औषधे, डॉक्टरांच्या वेळा तोच पाहतो आहे, आणि मी पडल्या पडल्या त्याला रोज सूचना देतो आहे. प्रसंग संपल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही, फक्त आवाज थोडा वाढवला.

तुमच्या चौकशीची तारीख पुढे गेली की तीच आहे, ते कळव. बाकीच्या तिघांना माझा नमस्कार सांग. त्यांची नावे मला अजून माहीत नाहीत, तीही लिही. आणि ती चाचणी नेमकी कशाची होती, ती का टाळली गेली आणि टाळल्याने काय होऊ शकते, हे मला समजेल अशा भाषेत सविस्तर लिही. सहा ओळींत भागवू नकोस.

पेन्सिल बोथट झाली आहे, टोकयंत्र टेबलावर, म्हणजे माझ्या हातापासून पुरते दोन हात लांब आहे, आणि तुझी आई बाहेर गेली आहे. म्हणून येथेच थांबतो.

तुझा,
बाबा